शिवणीतली माया प्रेक्षकांनाही दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वस्तुसंग्रहालयाच्या दालनात झालेल्या विद्यार्थ्यांच्या फॅशन शोचा वृत्तान्त आपल्या दैनिकाने चार छायाचित्रांसह ठळकपणे छापला, याबद्दल आधी मनापासून आभार मानते. शिकणाऱ्या मुलांच्या कामाला वर्तमानपत्रात एवढी जागा क्वचितच मिळते. व्हिंटेज पोशाखांवरून स्फूर्ती घेऊन विद्यार्थ्यांनी बेतलेले आणि शिवलेले कपडे त्या संध्याकाळी सादर झाले, आणि प्रेक्षकांत बसून मी ते शेवटपर्यंत पाहिले. वृत्तान्तात दिवे, संगीत, मॉडेल्सची चाल, टाळ्या आणि पाहुण्यांची नावे हे सारे आले. मात्र ज्या जुन्या पोशाखांमुळे हा कार्यक्रम वस्तुसंग्रहालयात झाला, त्यांपैकी एकाचेही वर्णन त्यात नव्हते. यात दोष एकट्या वार्ताहराचा नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमातही ते पोशाख कोठे दिसले नाहीत. पडद्यावर दर वेळी ‘१९३०च्या दशकावरून प्रेरित’ अशा धर्तीची एक ओळ उमटत होती आणि मॉडेल अर्ध्या वाटेवर येईपर्यंत पुसली जात होती. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

मी तीसहून अधिक वर्षे वस्त्ररचना आणि शिवणकाम शिकवले. ‘प्रेरित’ हा शब्द आमच्या क्षेत्रात फार सैल झाला आहे, असे मला वाटते. जुन्या पोशाखाचे छायाचित्र पाहून त्याची बाही, गळा किंवा घेर उचलणे हे काम विद्यार्थी घरबसल्या फोनवरही करू शकतो. त्यासाठी संग्रहालयाच्या अभिरक्षकाने अर्धा दिवस मोडण्याची आणि पेटीतून नाजूक वस्त्र बाहेर काढण्याची गरज नाही. विद्यार्थ्याने संग्रहालयात जायचे ते छायाचित्रात न येणाऱ्या गोष्टीसाठी, आणि ती गोष्ट बहुतेक वेळा कपड्याच्या उलट्या बाजूला असते.

शिवणीच्या आत दाबून ठेवलेल्या जादा कापडाला मराठीत ‘माया’ म्हणतात. पुढे कधी कपडा उसवून सैल करता यावा, म्हणून ती सोडायची असते. एखाद्या जुन्या पोशाखाच्या कुशीच्या शिवणीत दोन बोटे माया सापडली, तर तो एकाच मोसमासाठी शिवलेला नव्हता, हे कळते. त्या मायेवर आधीच्या टाक्यांची भोके रांगेने दिसली, तर तो निदान एकदा तरी उसवून पुन्हा शिवला होता, हेही कळते. मायेच्या आतला रंग गडद आणि बाहेरचा फिका असेल, तर उजेडाने किती रंग खाल्ला याचा पुरावा तिथेच शेजारी शेजारी मिळतो. यंत्राची टीप कोठे संपते आणि हाताचा टाका कोठे सुरू होतो, हे पाहूनही बरेच उमगते. शिवणयंत्राचा प्रसार १८५०च्या दशकापासून होत गेला, पण लांब सरळ शिवणी यंत्रावर आणि कडांची सफाई हाताने, ही वाटणी पुढे कितीतरी दशके टिकून राहिली. चेनचेही तसेच आहे. गिडियन सुंडबॅक यांना आजच्या पद्धतीच्या चेनचे पेटंट १९१७ साली मिळाले, तरी स्त्रियांच्या उंची पोशाखांत ती रुळली १९३०च्या दशकात. म्हणून त्याआधीच्या झग्याला चेन दिसली, की ती मागाहून बसवली असावी, अशी शंका विद्यार्थ्याला यायला हवी. अशा शंका घेत घेत वस्त्र वाचायला शिकणे, यालाच मी अभ्यास म्हणते. त्या संध्याकाळच्या निदान सात-आठ पोशाखांत असा अभ्यास होता, पण तो प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याची सोयच कोणी केली नव्हती.

एकच उदाहरण देते. एका विद्यार्थिनीने १९३०च्या दशकातील उरेब कापलेल्या झग्यावरून लांब, बिनगुंडीचा कोट केला होता. कोट अंगाला चिकटत नव्हता आणि अंगापासून सुटतही नव्हता. चालताना तो पाण्यासारखा हलत होता. टाळ्या चांगल्या पडल्या. उरेब म्हणजे कापड उभ्या किंवा आडव्या धाग्यावर न बेतता पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या रेषेत बेतणे. सुती असो वा रेशमी, विणलेल्या कापडाला त्या दिशेने ताण मिळतो आणि ते शरीराच्या वळणाप्रमाणे पडते. हे तंत्र ज्यांच्या हातून पूर्णत्वाला गेले, त्या पॅरिसच्या वस्त्ररचनाकार माद्लेन व्हियोने या एका लहानशा लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून पोशाख रचत आणि मग तो पूर्ण मापात उतरवत. वाचायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात उरेब कापलेले कापड स्वतःच्या वजनाने खाली ओघळते, सगळीकडे सारखे ओघळत नाही, आणि आधी टांगून न ठेवता घेराची कड मापली, तर काही दिवसांत ती वरखाली होते. कार्यक्रमानंतर मी त्या मुलीला गाठले, तेव्हा तिने सांगितले की संग्रहालयातल्या झग्याची कड तिने जागोजागी मोजली होती, आतली माया कोठे रुंद आणि कोठे अरुंद आहे हे टिपले होते, आणि त्यावरून मूळ शिवणाऱ्याने कड टांगल्यावरच कापली असली पाहिजे, हे तिच्या ध्यानात आले. त्यानंतर तिने मांजरपाटाचे तीन कच्चे नमुने केले, तिन्ही फसले, चौथा जमला. ही हकिगत टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांपैकी कोणालाच ठाऊक नव्हती.

व्हियोने यांचे आणखी एक सांगण्यासारखे आहे. नक्कल करणाऱ्यांविरुद्ध त्या आयुष्यभर झगडल्या. आपल्या प्रत्येक पोशाखाची समोरून, बाजूने आणि मागून छायाचित्रे काढून त्या जपून ठेवत, आणि लेबलावर अंगठ्याचा ठसा उमटवत. त्यांची पेढी १९३९ साली बंद झाली, आणि १९५२ साली त्यांनीच आपले शंभराहून अधिक पोशाख, शेकडो बेत (कपडा कापण्याचे नमुने) आणि छायाचित्रांचे अल्बम वस्त्रप्रावरणांचा संग्रह करणाऱ्या एका फ्रेंच संस्थेला देऊन टाकले. नकलेचा एवढा तिटकारा असलेल्या बाईंनी अभ्यासासाठी मात्र सारे खुले केले. नक्कल आणि अभ्यास यांत फरक कोणता, हे विद्यार्थ्यांना समजावताना मला याहून नेमके उदाहरण सापडलेले नाही.

हा फरक आणखी एका पोशाखावरून उलगडता येतो. ग्रीसमधील डेल्फी येथे १८९६ साली उत्खननात रथाच्या सारथ्याची काशाची प्राचीन मूर्ती सापडली. तिच्या अंगावरच्या वस्त्राच्या सरळ, बारीक चुण्या सरीसारख्या खाली उतरतात. त्या मूर्तीवरूनच नाव घेऊन साधारण १९०७ च्या सुमारास व्हेनिसमध्ये वस्त्ररचनाकार मारियानो फोर्तुनी यांच्या घरी ‘डेल्फोस’ हा रेशमी झगा तयार झाला. धातूमध्ये ओतलेली चुणी त्यात रेशमात उतरली, आणि झगा नीट पडावा म्हणून त्याच्या कडांना मुरानोच्या काचेचे मणी ओवले गेले. मूर्तीचे अनुकरण करायचे असते, तर सैल वस्त्र कमरेला बांधून भागले असते. इथे मूर्ती पाहून चुणी रेशमात टिकवायची कशी, हा नवा प्रश्न कोणीतरी स्वतःला विचारला. तो ‘कोणीतरी’ कोण, हेही नोंदलेले आहे. १९०९ च्या पेटंटवर फोर्तुनी यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे की ही कल्पना त्यांची सहचरी हेन्रिएत यांची आहे. तरीही पुढची कित्येक दशके लेबलांवर आणि लेखांत एकट्या फोर्तुनींचेच नाव राहिले. रेशमातल्या त्या चुण्या ओल्या झाल्या की सुटत, आणि झगा पुन्हा चुण्या घालण्यासाठी पाठवावा लागे. जपानचे वस्त्ररचनाकार इस्से मियाके यांनी पॉलिएस्टरचा कपडा आधी मोठ्या आकारात शिवून मग त्याला उष्णतेने चुण्या पाडण्याचे तंत्र बसवले, आणि १९९३ पासून त्या तंत्राचे कपडे स्वतंत्र नावाने बाजारात आणले. ते धुतले तरी चुणी हलत नाही. काशाच्या मूर्तीपासून रेशमापर्यंत आणि रेशमापासून पॉलिएस्टरपर्यंत आलेली ही वाट रॅम्पच्या शेजारी नुसत्या तीन चित्रांत मांडली, तरी प्रेक्षक घरी जाताना वेगळ्या नजरेने चुणी पाहतील.

याउलट काही पोशाख पाहून मला वाईट वाटले, आणि त्याचे कारण मुलांचे कौशल्य कमी पडले हे नव्हते. एका गटाने १९४०च्या दशकातील ब्रिटिश जाकिटे आणि आखूड, सरळ स्कर्ट यांवरून पोशाख केले होते. शिवण स्वच्छ होती. पण त्यावर दोन्ही बाजूंना शोभेचे खिसे, बाह्यांवर बटणांच्या रांगा आणि मागे प्लीट्सचा पंखा लावलेला होता. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि ते १९४९ पर्यंत चालले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने मिळाली. खिसे किती, बटणे किती, प्लीट्स किती, यांवर सरकारी बंधने आली; पुरुषांच्या पँटच्या पायांची दुमडसुद्धा बंद झाली. तो आकार त्या लोकांच्या आवडीतून जितका आला, त्याहून जास्त कापडाच्या टंचाईतून आला. ही माहिती हाताशी असती, तर त्या मुलांनी एक इंचही कापड वाया न घालवता जाकीट कसे बेतायचे, हा विचार केला असता, आणि तो आजच्या काळाला किती लागू पडतो! १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये वस्त्ररचनाकार ख्रिश्चन दिओर यांनी पहिल्यांदा भरपूर घेराचे स्कर्ट दाखवले, तेव्हा त्यावर काहींनी हर्ष आणि काहींनी संताप का व्यक्त केला, हेही याच संदर्भात समजते. कालखंडाचे नाव लिहून कालखंड कळत नाही. विद्यार्थ्याला तो शिकवावा लागतो आणि प्रेक्षकाला दाखवावा लागतो.

आता एका दुखऱ्या गोष्टीकडे वळते. कार्यक्रम संपल्यावर माझ्या शेजारच्या गृहस्थांनी विचारले की एवढे सुंदर जुने पोशाख असताना तेच मॉडेल्सना का घातले नाहीत. प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, आणि एके काळी काही संग्रहालये तसे करतही होती. अनेक वर्षांपूर्वी, संस्थेचे नाव मी घेत नाही, अशाच एका कार्यक्रमात १९२०च्या दशकातील मण्यांनी भरलेला शिफॉनचा झगा माझ्या एका विद्यार्थिनीला घालायला दिला गेला. मी तिथे होते, आणि मी नको म्हटले नाही. ती खुर्चीवर बसली मात्र, पाठीवरचे कापड उभ्या रेषेत उलले आणि मणी फरशीवर सांडले. मुलगी रडकुंडीला आली. तिचा काहीही दोष नव्हता. अशा झग्यांत काचेच्या मण्यांचे सारे ओझे विरविरीत कापडावर असते. म्हणून ते हँगरला न लावता आडवे ठेवायचे असतात. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत बऱ्याच रेशमाला, त्यातला नैसर्गिक डिंक काढल्यावर घटलेले वजन भरून काढण्यासाठी, कथिलासारख्या धातूंचे क्षार पाजले जात. ते रेशीम हात न लावताही काळाच्या ओघात चिरत जाते. घाम, अंगाची ऊब, बसण्या-वाकण्याचा ताण आणि रंगमंचावरचे दिवे यांपैकी काहीही ते सोसू शकत नाही. वस्त्रांच्या दालनात उजेड साधारण ५० लक्सपर्यंतच ठेवतात, ते याच कारणाने. उजेडाने झालेली हानी साठत जाते आणि ती कोणत्याही उपायाने परत भरून येत नाही.

मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका समारंभात मेरिलिन मन्रो यांनी १९६२ साली घातलेला पोशाख पुन्हा अंगावर चढवला गेला, तेव्हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या वस्त्रविषयक समितीने निवेदन काढून स्पष्ट सांगितले की ऐतिहासिक पोशाख कोणीही अंगावर घालू नयेत, मग ती व्यक्ती प्रसिद्ध असो वा नसो. विद्यार्थ्यांच्या फॅशन शोचे मोल मला इथे सर्वांत जास्त जाणवते. जुने वस्त्र आम्लविरहित कागदाच्या घडीत अंधारात निजून राहते, आणि त्याच्यापासून शिकलेले नवे वस्त्र त्याच्या वतीने चालते, वळते, घामाने भिजते, धुतले जाते. संग्रहालयाला आपली वस्तू जिवंत दाखवण्याचा याहून निर्धोक मार्ग नाही. म्हणूनच त्या दोन वस्त्रांमधला दुवा प्रेक्षकांसमोर तुटलेला राहिला, याची मला एवढी हळहळ वाटते.

वस्तुसंग्रहालय आणि शिकणारे यांचे हे नाते नवे नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयाचा वस्त्रविभाग मूळ १९३७ साली स्वतंत्र संग्रह म्हणून सुरू झाला आणि १९४६ साली तिथे विलीन झाला. आज त्यात ३३ हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्याच शहरातील फॅशन तंत्रसंस्थेचे संग्रहालय १९६९ साली स्थापन झाले, ते ‘रचना प्रयोगशाळा’ या अर्थाच्या नावाने. लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय १९९९ पासून आपल्या दालनांत रॅम्पवरचे पोशाख सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी सादर करत आले आहे. म्हणजे रॅम्प आणि काचेचे कपाट एका छपराखाली नांदू शकतात. फक्त त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यावी लागते.

मापांविषयीही थोडे लिहायला हवे. त्या संध्याकाळचे बहुतेक पोशाख अतिशय कृश मॉडेल्ससाठी शिवलेले होते, आणि ‘जुन्या काळी माणसे बारीक होती’ असे स्पष्टीकरण निवेदनात दिले गेले. संग्रहालयांत लहान मापाचे पोशाख जास्त दिसतात हे खरे; पण त्याचे एक कारण असे की मोठ्या मापाचा कपडा उसवून दुसऱ्याला, तिसऱ्याला बेतता येतो आणि वापरून संपतो, तर फार लहान मापाचा कपडा कोणालाच होत नाही म्हणून ट्रंकेत राहतो आणि टिकतो. जे उरले त्यावरून जे होते त्याचा अंदाज बांधताना एवढी सावधगिरी हवी. जुन्या शिवणाऱ्यांना वेगवेगळ्या अंगलटींसाठी बेतण्याचे ज्ञान होते. त्यांचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, काखेत उंच आणि लहान असे, त्यामुळे हात वर केला तरी अख्खा कपडा वर ओढला जात नसे. आजच्या तयार कपड्यांत सगळ्यांना सामावून घेण्यासाठी मुंढा खाली आणि मोठा ठेवतात, आणि हालचाल उलट अडते. हे जुन्या कपड्यावरून शिकून पन्नाशीच्या किंवा भारदस्त बांध्याच्या बाईसाठी एखाद्या विद्यार्थ्याने कोट बेतला असता, तर मी उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

संयोजकांकडे माझे मागणे फार खर्चाचे नाही. प्रत्येक नव्या पोशाखासोबत मूळ पोशाखाची नोंद क्रमांकासह द्यावी, त्याच्या उलट्या बाजूचे निदान एक स्पष्ट छायाचित्र पडद्यावर ठेवावे, आणि विद्यार्थ्याने तयार केलेला बेत कागदावर काढून दालनाच्या बाहेर लावावा. शिवणाऱ्याचे नाव ठाऊक असल्यास ते लिहावे. ठाऊक नसल्यास ‘शिवणाऱ्याचे नाव अज्ञात’ असे तरी लिहावे, म्हणजे तो पोशाख कोणाच्या तरी हातांनी झाला होता, हे वाचणाऱ्याच्या लक्षात राहील. ज्या मुलांनी फसलेले कच्चे नमुने जपून ठेवले असतील, त्यांचे तेही मांडावेत, आणि प्रेक्षकांना ते हातात घेऊन उलटसुलट करू द्यावेत, कारण मांजरपाटाला हात लावल्याने काही बिघडत नाही. विद्यार्थ्यांच्या वह्या आणि मोजमापे संग्रहालयाने आपल्याकडे मागून घ्यावीत. एखादे जुने वस्त्र पुढे फारच जीर्ण झाले, तर या मुलांनी टाक्या-टाक्याने घेतलेली मापे हीच त्याची उरलेली नोंद ठरेल. आणि हे सारे एका संध्याकाळपुरते न राहता संग्रहालयाची अभ्यासिका महिन्यातून काही दिवस तरी वस्त्ररचनेच्या विद्यार्थ्यांसाठी, अभिरक्षकांच्या देखरेखीखाली, वर्षभर उघडी असावी.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. पुढच्या वेळी अशा कार्यक्रमाला छायाचित्रकार पाठवाल, तेव्हा त्यांना कृपया मंचामागेही थोडा वेळ द्या. त्या कोटवाल्या मुलीने मला कोटाची कड उलटून दाखवली, तेव्हा आत तिने दोन बोटे माया सोडलेली होती. एवढी कशाला ठेवलीस, असे मी विचारले. ‘हा कोट पुढे कोणाच्या अंगावर जाईल, ते मला माहीत नाही ना, बाई,’ असे ती म्हणाली. ते छायाचित्र आपल्या पाचव्या चौकटीत हवे होते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वस्त्ररचना शिक्षिका